निळीचा थेंब

थेंब शिरस्तेदारांच्या डाव्या खांद्यावर पडला. पांढऱ्या कोटावर निळा.

"हे काय हो, त्र्यंबकराव?"

"घाम आहे साहेब. लोखंडी टाकी, आत गार पाणी. बाहेरून घाम येतो तिला."

शिरस्तेदारांनी वर पाहिलं. डोक्यावर दोन हात उंचीवर माझी टाकी, तिची साखळी, साखळीला लाकडी मूठ. दुसरा थेंब त्यांनी तळहातावर झेलला आणि माझ्या नाकापुढे धरला.

"घामाला नीळ कुठली?"

नीळ मीच टाकली होती. का टाकली ते सांगतो. सांगायला लाज वाटते, म्हणून मध्ये मध्ये तुटेल.

*

साल चौतीस. आमच्या आळीत घरोघरी टोपलीचे संडास. घरांच्या मागं एक अरुंद गल्ली. तिकडं प्रत्येक संडासाचं एक ठेंगणं दार, आणि त्या दारातून फुलाबाई रोज मैला उचलून नेई. त्या गल्लीनं दुसरं कुणी जात नसे.

मी कचेरीत कारकून. अब्बास पाण्याच्या पंपावर फिटर. मराठी चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर. देवळालीच्या छावणीत जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा त्यानंच मला हा साखळीचा संडास मिळवून दिला. भांडं, टाकी, नळी, सगळं.

"रविवारी बसवून देतो. दोन तासांचं काम," तो म्हणाला.

"नको. मीच बसवतो. शिकायचंय मला."

अब्बासनं माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग हसला. "शिक की. हुन्नर हाय. अडलास तर हाक मार."

बसवला. कचेरीत सांगितलं, सामान अब्बासनं दिलं, पण बसवला स्वतःच्या हातानं. सांगताना हात पुढे करून दाखवायचो. शिरस्तेदारांचा बंगला बांधून होत आला होता, तिथं दोन हवे होते. शिवाय त्यांच्या क्लबात तीन. "चालतो का ते दाखवा," ते म्हणाले, "मग पाचांचंही काम तुमच्या त्या माणसाला देतो."

हे अब्बासला सांगितलं तेव्हा तो पंपाच्या घराबाहेर उकिडवा बसला होता. उठून उभा राहिला. पाच संडास म्हणजे भद्रकालीकडं स्वतःचं दुकान. पाटीवर हिरवा रंग लावायचा की पिवळा, हे त्यानं मला तिथंच विचारलं.

आणि टाकी गळत होती.

*

गळती कशी शोधायची ते अब्बासनं तोंडी सांगितलं होतं. मी ते कचेरीच्या सवयीनं आकडे घालून कागदावर उतरवलं.

एक. सगळं कोरडं पुसा आणि बघत बसा. पुसलं. स्टूल घेऊन आत बसलो. थोड्या वेळात भिंत ओली. कुठून, ते कळेना. बाहेरून बायको, वत्सला, म्हणाली, "अहो, इतका वेळ तर मामंजीसुद्धा बसत नव्हते."

दोन. सुताला सफेद्याचा लेप लावून ते आट्यांवर गुंडाळा आणि आटे आवळा. आवळले. पान्हा निसटला, बोटाचं साल गेलं. गळती तशीच.

तीन मागाहून लिहितो.

चार. टाकीत नीळ टाका. निळं पाणी जिथून बाहेर येईल तिथं दोष. वत्सलाच्या धुण्यातली नीळ घेतली, पुरचुंडीच रिकामी केली. टाकीच्या बुडाशी, जिथं नळी सुरू होते त्या आट्याखालून, निळं पाणी टपटपू लागलं. मला नवल वाटलं नाही. चार करायच्या आधीच ते मला ठाऊक होतं.

शिरस्तेदार पाचला येणार होते. अब्बासला मी त्याआधीच, तीनच्या सुमारास बोलावून ठेवलं होतं. त्याला पुढं करून म्हणणार होतो, हाच तो. पण दारात टांग्याची घंटाही तीनलाच वाजली.

*

तर तळहातावर नीळ.

"मग दोष कुठं आहे?" शिरस्तेदार म्हणाले. "तुमच्या हातात की सामानात?"

मागचं ठेंगणं दार उघडं होतं. अब्बास गल्लीतून आला होता आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावून दाराबाहेर वाकून उभा होता. गल्लीनं ये, असा निरोप मीच पाठवला होता. पुढच्या दारानं संडासाकडं यायचं तर वाट स्वयंपाकघरावरून जाते.

मी त्याच्याकडं पाहिलं. मग शिरस्तेदारांकडं.

"सामानात," मी म्हणालो. "अब्बासनं दिलेला वायसर कुजका निघाला."

वायसर म्हणजे आट्याखाली बसते ती चामड्याची चकती.

अब्बासनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"तरी म्हटलं," शिरस्तेदार म्हणाले. "छावणीतला माल तो. मी नाशिक रोडहून माणूस आणवतो."

"चहा तरी..."

"चहा नको. कोट धुवायला टाकतो. नीळ तर तुम्ही घातलीच आहे."

टांगा गेला.

*

"पाणी बंद करा, त्र्यंबकराव," अब्बास म्हणाला.

शाळेपासून तो मला अरे म्हणत आला होता.

वाकून तो आत आला, स्टुलावर चढला. पान्हा एकदाच फिरवला. नळी सुटली, उरलेलं निळं पाणी त्याच्या कोपरावरून खाली गेलं. आट्यातून त्यानं दोन बोटांनी काहीतरी ओढून काढलं आणि तळहातावर पसरलं. चार पदरी कापडाची गोल चकती, मेणात बुडवलेली. एका कडेला लाल काठाचा दोरा.

त्यानं तो दोरा बोटानं सरळ केला.

"धोतर चांगलं होतं," म्हणाला. मग, "माझा वायसर कुठंय?"

फळीवर होता. त्यानं दिला तसाच, कागदात. मी आणून दिला. त्यानं तो चिमटीत दाबून पाहिला. तेल अजून मुरलेलं होतं. कुठं कुजलेला नव्हता, साधा चिरलेलाही नव्हता. बसवला. पाणी सुरू केलं, टाकी भरू दिली, साखळी ओढली. धो धो आवाज झाला. आट्याखाली त्यानं हात फिरवला आणि कोरडी बोटं मला दाखवली.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "काय निघालं रे, त्र्यंबक?"

मी तोंड उघडलं.

"काय नाय आई," अब्बास तिथूनच म्हणाला. "आटं ढिलं होतं. आवळलं."

*

तीन. वायसर आपल्या जागी आहे ना ते बघा.

बसवताना वायसरचा कागद उघडला तेव्हा आई जवळ उभी होती. "चामडं?" ती म्हणाली. "नळ एकच आहे घरात. टाकीतलं पाणी मागं उतरलं तर? ते मी देवाला घालू?"

पाणी मागं उतरत नाही. शिवाय साऱ्या गावाला पाणी ढकलतो त्या पंपाच्या पोटात ताटाएवढं चामडं आहे, आणि झिजलं की ते अब्बासच बदलतो. हे मला माहीत होतं. पण म्हातारीला कशाला दुखवा, असं मनाशी म्हणालो. जुनं धोतर फाडलं, चकत्या कापल्या, मेण वितळवलं.

त्याच्याही आधी, सामान घरात आलं त्याच दिवशी, तिनं विचारलं होतं, "बसवायला कोण, तो अब्बास येणार? माझ्या चुलीवरून?"

"नाही गं," मी म्हणालो होतो. "मीच बसवतो."

शिकायचं वगैरे काही नव्हतं.

*

त्या दिवशी मी धावत जाऊन पुढचं दार सताड उघडलं. "अब्बास, इकडून ये," अशी हाक मारली. आई चुलीपाशी होती, तिनं वळून पाहिलं. मी पुन्हा हाक मारली. परत मागं आलो तर स्टूल जागेवर ठेवलेलं, फरशी पुसलेली, आणि गल्लीकडचं दार बाहेरून ओढून घेतलेलं. कापडी चकती फळीवर होती, त्याच कागदात.

क्लबाचं काम नाशिक रोडच्या माणसानं केलं. अब्बास पंपावरच राहिला. रस्त्यात भेटला की थांबतो. "टाकी बरी हाय ना, त्र्यंबकराव?" विचारतो. मी हो म्हणतो.

बरीच आहे. एक थेंब गळत नाही. घरात सगळे साखळी ओढतात, आईसुद्धा.

मी बादली घेऊन जातो.

"साखळी असताना बादली कशाला हो?" वत्सला विचारते.

"सवय," मी म्हणतो.