होते की आहेत?

संग्रहालयात त्यांना सगळे पाटीवाले सर म्हणत. कपाटांतल्या प्रत्येक वस्तूखालची पाटी त्यांनी लिहिलेली. कुणी वेलांटीची चूक जरी दाखवली तरी दिवसभर चहा गोड लागायचा नाही. अशा माणसाच्या टेबलासमोर एका सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशी फडकं घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, तिसऱ्या दालनातली पाटी चुकलीय."

सरांच्या कपाळाला आठी पडली. तिथं डोंगरातल्या लोकांची एक विणलेली झोळी होती. खाली लिहिलं होतं, 'हे लोक झोळीतून धान्य वाहून नेत होते. त्यांची भाषा व विणकाम आता नामशेष झाले आहे.' चांगली चार पुस्तकं चाळून लिहिलेली पाटी, चुकेल कशी?

मावशी त्याच डोंगरातल्या, हे सरांच्या गावीही नव्हतं. अकरा वर्षं त्या ती काच पुसत होत्या. वाचता येत नव्हतं, म्हणून निभावलं. पण काल शाळेच्या सहलीत त्यांची नात आली, तिनं पाटी वाचली आणि वर्गातल्या पोरींनी 'नामशेष, नामशेष' म्हणून तिला रडवलं. तेव्हापासून ती आजीशी आपल्या बोलीत बोलेना. आजीनं बोलीत हाक मारली, तरी उत्तर पाटीवरच्या भाषेत.

"मला विचारते, आजी, आपण संपलो का गं?" मावशी म्हणाल्या. "काय सांगू तिला?"

पुस्तकात तसंच आहे, असं काहीबाही सर पुटपुटले.

"पुस्तकवाल्यानं आम्हाला विचारलं होतं का? आणि तुम्ही? मी रोज तुमच्या टेबलाखाली झाडते, सर."

सर उठून त्यांच्याबरोबर गेले. तिसऱ्या दालनात मावशींनी काचेवर बोट ठेवलं. झोळी धान्याची नव्हतीच, बाळाला पाठीशी बांधायची होती. काठाला चार गाठी, म्हणजे हिच्यात चार पोरं वाढली. मावशींनी स्वतः विणलेली अशीच एक घरी खुंटीला होती, तीन गाठींची.

"आणि ही तुम्ही उलटी टांगलीय. बाळ डोक्यावर पडेल की!"

अरेरे! सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जित्याजागत्या माणसांना त्यांनी एका वाक्यात संपवलं होतं, आणि ती काच पुसायचं काम त्यांच्यातल्याच बाईकडे होतं!

त्याच दिवशी झोळी सुलटी टांगली गेली, पाटी उतरली. नवी पाटी मावशींनी सांगितली, सरांनी लिहिली. खाली सांगणारीचं नाव आलं. 'होते' गेलं, 'आहेत' आलं. मग सर स्वतः शाळेत जाऊन त्या वर्गाला पुन्हा बोलावून आले.

नातीनं पाटी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली आणि आजीला आपल्या बोलीत काहीतरी विचारलं. मावशी डोळे पुसत हसायला लागल्या. सरांना एक अक्षर कळलं नाही.

"काय म्हणते?"

"म्हणते, उलटी कुठल्या शहाण्यानं टांगली होती?"

"मी," सर म्हणाले, आणि हे त्यांच्या बोलीत कसं सांगायचं, ते नातीकडून शिकून घेतलं.

मंडळी, आपली भाषा बोलणं, आपली कला जगवणं हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, कुणी केलेला उपकार नव्हे. कुणाबद्दल लिहिण्याआधी, बोलण्याआधी त्यांनाच विचारू या. ती माणसं फार लांब नसतात.