फाळ उतरवलेला नांगर

मित्रांनो, ब्रेक्के यांच्या शेताकडे जिथे कच्चा रस्ता वळतो, तिथे टपालाच्या डब्याशेजारी एक जुना नांगर उभा आहे. तो मी. येणारे-जाणारे गाडी हळू करून माझ्याकडे बघतात आणि हळहळतात. अंगभर गंज, फाळ जागेवर नाहीत, बिचाऱ्याची पार आबाळ झाली, असं त्यांना वाटतं. तसं काही झालेलं नाही. माझे फाळ माझ्या धन्यानेच स्वतःच्या हाताने उतरवले. का, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म मोठ्या नदीपलीकडच्या एका कारखान्यातला. तांबडा रंग लावून मला अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या या डोंगराळ टोकाला आणलं, तेव्हा हालवर ब्रेक्के याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको थोरा अंगणात उभी राहून म्हणाली होती, “या माणसाने लग्नात माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघितलं नव्हतं.” हालवर नुसता हसला आणि माझ्या पोलादावरून हात फिरवत राहिला. त्या हाताला मी जन्मभर जागलो.

आमच्या मुलखात मका काढून झाला, की बर्फ पडायच्या आत रान नांगरायचं. सगळी धसकटं जमिनीत गाडून रान काळंभोर, मोकळं करायचं. ज्याचं रान काळं, तो माणूस कामाचा. ज्याच्या रानात मक्याची ताटं लोळताहेत तो आळशी, नाहीतर दारूच्या नादी लागलेला. असं कुणी तोंडावर बोलत नसे. पण रविवारी प्रार्थना झाल्यावर चर्चच्या तळघरात कॉफी पिताना कुणाचं रान अजून तसंच आहे, याची चौकशी हमखास व्हायची.

हालवरचं रान सगळ्यांच्या आधी काळं व्हायचं. जिल्ह्याच्या जत्रेत नांगरणीची स्पर्धा असे. सरळ तास मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तास म्हणजे माझ्यामागे पडणारी चर. तो समोरच्या कुंपणाचा एक खांब हेरायचा, त्यावर नजर रोवायची, आणि टोकाला पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. मागे बघितलं की हात हलतो आणि तास वाकडं होतं, असं तो नव्या पोरांना सांगायचा. बक्षीस मिळालं की घरी येऊन आधी मला पुसायचा, तेल लावायचा, मग जेवायला जायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार गर्व होता.

पण जमिनीत मी होतो, हालवर ट्रॅक्टरवर बसलेला. खाली काय चाललं होतं ते मला लागत होतं. टेकडीवरच्या रानात पहिल्या वर्षी मी उतरलो तेव्हा माती लोण्यासारखी बाजूला झाली होती. पुढे पुढे ती कडक होत गेली. टेकडीच्या माथ्यावर पिवळी चिकणमाती वर आली. ढेकळं इतकी घट्ट, की फाळाला ठिणग्या उडायच्या. हालवर त्यावर जास्त खत टाकायचा आणि मला जास्त खोल घालायचा. हिवाळ्यात उघड्या रानावरून वारा सुटला की रस्त्याकडेच्या खड्ड्यांतलं बर्फ काळं पडायचं. ते काळं म्हणजे आमचीच माती. सगळे रोज त्याच्या शेजारून गाड्या हाकत जायचे. हिवाळा म्हटला की वारा असणारच, एवढंच म्हणायचे.

घरामागे थोराचा भाजीचा मळा होता. तिथे मला कधी जायला मिळालं नाही. बाई कुदळसुद्धा बेताने चालवायची. शरद ऋतूत शेजारीपाजारी पानं पिंपात घालून जाळायचे, तेव्हा ती तीच पानं पोत्यात भरून मागून आणायची आणि वाफ्यांवर अंथरायची. स्वयंपाकघरातलं उष्टंखरकटं, कोंबड्यांखालचा पेंढा, सगळं कोपऱ्यात कुजवून तिथेच परत. हालवर चिडवायचा, की तुझ्या बटाट्यांना गोधडी पुरते का बघ. ती म्हणायची, तुझं रान थंडीने मरतंय, त्याला निदान चादर तरी घाल. तेव्हा दोघंही गमतीने बोलत होते.

त्या मळ्यात वाढलेली त्यांची एकुलती एक मुलगी मारित. बाहेरगावी शिकली, काही वर्षं नोकरी केली आणि परत आली. एका दुपारी यंत्रांच्या गोठ्यात, माझ्यासमोरच ती बापाला म्हणाली,

“बाबा, टेकडीचं रान मला दे.”

“घे की. तिथे तसंही काही पिकत नाही. नांगरून मी देईन.”

“नांगरायचंच नाही.”

हालवर इतका हसला, की त्याला माझ्यावर टेकून उभं राहावं लागलं. मारित हसली नाही. तिने त्याला समजावून सांगितलं. झाड हवेतून जे ओढून घेतं त्यातलं बरंचसं मुळांवाटे जमिनीत साठतं, मातीचा काळेपणा त्याचाच. रान उलथलं की ते उघडं पडतं, कुजून हवेत निघून जातं, आणि हवा तापवणाऱ्या धुरात आणखी भर पडते. तुझ्या ट्रॅक्टरचा धूर निदान डोळ्यांना दिसतो, म्हणाली, हा दिसत नाही. म्हणून ताटं तशीच ठेवायची, त्यांच्यातूनच पेरायचं, आणि पीक निघालं की लगेच राय, म्हणजे थंडीत तग धरणारं गव्हासारखं धान्य, पेरायची म्हणजे हिवाळाभर जमिनीत जिवंत मूळ राहील. तिचं बोलणं माझ्या काळजात रुतलं. मी काय काम करत होतो, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

हालवरला ते पटलं नाही. पण पोरगी परत आली होती. तिला दुखवून पुन्हा घालवायची त्याची छाती नव्हती.

“मी सांगेपर्यंत हे रान उघडायचं नाही,” मारित म्हणाली. “एकदा उघडलं, की वर्षानुवर्षांचं साठलेलं गेलं. शब्द दे.”

“दिला,” हालवर म्हणाला आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला.

पहिली वर्षं वाईट गेली. ओल्या थंड वसंतात ताटांखालची जमीन लवकर तापली नाही, मका पिवळा उगवला, गोगलगायींनी निम्मा खाल्ला. ते रान नेमकं मोठ्या रस्त्यावर. अख्ख्या गावाने बघितलं. शेजारचा डेल्मर हाउगे हालवरचा लहानपणापासूनचा दोस्त. तो कॉफीच्या वेळी म्हणाला, “काय रे हालवर, तुझं रान अजून अंथरुणातून उठलं नाही वाटतं?” सगळे हसले. त्यानंतर हालवर चर्चच्या मागच्या बाजूला गाडी लावायला लागला. घरी मात्र त्याने मारितला एका शब्दाने बोल लावला नाही. संध्याकाळी गोठ्यात येऊन माझ्याशेजारी उभा राहायचा, माझ्या फाळांना तेल लावायचा. टेकडीला मी लागत नव्हतो, आणि पुढे पुढे बाकीच्या रानांतही मारितने मला कमीच बोलावलं. तरी तो तेल लावायचा. माझंही मन दोन्हीकडे ओढ घ्यायचं. तिचं साधलं तर माझं काम संपलं, आणि नाही साधलं तर ती माती संपली.

मारित हटली नाही. ओटबरोबर क्लोव्हर हा जमिनीला कस देणारा चारा पेरून तिने विकतचं खत कमी केलं. शेणाचं डबकं साचू न देता पेंढ्यात कालवून ढीग घातला आणि तो उलटापालटा करत राहिली. वाऱ्याच्या बाजूला झाडांची रांग लावली. पेरणीला ट्रॅक्टर आता एकदाच फिरायचा. मका हळूहळू सुधारत गेला. पण हालवरच्या डोळ्यांना ते रान घाणेरडंच दिसायचं. सवयीला काय करणार.

मग एका शरदात, पीक घरात आलं आणि टेकडीवर राय बोटभर उगवून आली, तेव्हा मारित धान्याच्या कोठीच्या शिडीवरून पडली. पाय दोन ठिकाणी मोडला. तिला मोठ्या इस्पितळात नेलं. थोरा तिच्याबरोबर गेली. गुरांसाठी हालवर एकटा मागे राहिला.

आमच्याकडे रीत आहे, मित्रांनो. घरात आजारपण आलं की शेजारी विचारायला येत नाहीत, यंत्रं घेऊनच येतात. आणि आलेल्याला नको म्हणायचं नसतं. नको म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं. शनिवारी सकाळी रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली. बायकांनी झाकलेली भांडी आणली, बटाट्याच्या पोळ्या आणल्या. टेकडीवर गवत माजलंय, पोरगी इस्पितळात, म्हाताऱ्याच्याने नांगरणं होत नाही, असं त्यांना वाटलं. चांगल्या मनाने आली होती माणसं. ती राय आहे, मुद्दाम पेरलेली आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

डेल्मर सरळ गोठ्यात आला आणि त्याने मला आपल्या मोठ्या ट्रॅक्टरला जोडलं. म्हणाला, जत्रेत जिंकलेला नांगर घरात असताना दुसरा कशाला. मग चावी हालवरच्या हातात दिली.

“पहिलं तास तू मार. तुझ्यासारखं सरळ आम्हाला कुणाला येत नाही.”

हालवरचे डोळे भरून आले होते. कितीतरी वर्षांनी ही माणसं त्याच्या रानाच्या कडेला मानाने उभी होती. त्याने नको म्हणायला तोंड उघडलं असेल, मला दिसलं नाही. तो चढला आणि त्याने कुंपणाचा खांब हेरला.

मी जमिनीत उतरलो. मित्रांनो, मला वाटलं मी दुसऱ्याच रानात आलो. माझ्या ओळखीची ती ठिणग्या उडवणारी पिवळी जमीन कुठे गेली? माती भुसभुशीत, काळी, मुळांनी विणलेली. मी गेलो तिथे मुळं तटातट तुटली. गांडुळं कापली गेली. ओल्या मातीचा वास वर गेला, आणि मारितने सांगितलेलं सगळं मला आठवलं. मला थांबता येत नाही. नांगराला थांबता येत नाही, हेच त्याचं दुःख.

टोक यायच्या आत हालवर मागे वळला. इतक्या वर्षांत मी त्याला तास पुरं व्हायच्या आधी मागे बघताना पाहिलं नव्हतं. वासाने वळला असेल. त्याने ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरला आणि गुडघ्यांवर बसला. एक ढेकूळ उचललं. ते त्याच्या बोटांतून आपोआप सुटून खाली पडलं. मग त्याने मला वर उचललं आणि रानाच्या कडेकडेने ट्रॅक्टर परत आणला.

“काय झालं? काही मोडलं का?” डेल्मरने विचारलं.

“नांगर ठीक आहे. हे रान नांगरायचं नाही.”

बायकांच्या हातांतली भांडी हातांतच राहिली. डेल्मरचा चेहरा उतरला.

“आम्ही मदतीला आलोय, हालवर. मग आता हात हलवत परत जाऊ?”

हालवरने सगळ्यांकडे एकदा बघितलं. “हे गवत नाही, तिने पेरलंय. मी तिला शब्द दिला होता, आणि तुमच्यासमोर मान मिळतोय म्हणून मोडला. मदत करायची असेल तर फावडी आणा. हे तास बुजवायचंय.”

क्षणभर मला वाटलं, आता सगळे निघून जाणार. पण डेल्मर वाकला, त्याने चरीतली मूठभर माती घेतली, हुंगली, आणि आपल्या गाडीतून फावडं काढलं. मग एकेक जण आला. हालवर पुढे होता. तो फावडं वापरतच नव्हता. गुडघ्यांवर बसून एकेक ढेकूळ हातांनी उलटं करायचा, रायचं हिरवं अंग वर आणायचा आणि तळहाताने दाबून बसवायचा. नांगरायला आलेली ती माणसं दिवसभर नांगरट परत मिटवत होती. मी कडेला उभा राहून बघत होतो. जत्रेतल्या कुठल्याही बक्षिसाच्या दिवशी मला धन्याचा इतका अभिमान वाटला नव्हता.

मारित कुबड्यांवर घरी आली, तेव्हा हालवरने तिला गाडीतून थेट टेकडीवर नेलं. परत येताना दोघं गोठ्याशी थांबली. दोघांचे डोळे लाल होते. आतून मला एवढंच ऐकू आलं.

“निदान तास सरळ तरी होतं ना?” हालवर म्हणाला.

“सरळ होतं, बाबा,” मारित म्हणाली.

वसंतात बर्फ वितळलं, तेव्हा एवढ्या सगळ्या रानात फक्त त्या एका ओळीवरून गढूळ पाणी खाली आलं. माणसांनी जिवापाड बुजवलेलं, तरी. बाकी टेकडीने पाणी पिऊन टाकलं. डेल्मर रस्त्याकडेला गाडी थांबवून ते पाणी बघत बसला होता. त्या वर्षी त्याने आपल्या एका रानात राय पेरली.

त्यानंतर हालवरने मला शेवटचं तेल लावलं. पाना घेऊन माझे फाळ एकेक करून उतरवले आणि मला इथे आणून उभं केलं. जाताना पूर्वीसारखाच माझ्यावरून हात फिरवला.

तो आता नाही. टेकडीच्या पायथ्याशी चर्चजवळ झोपला आहे. हिवाळ्यात माझ्यासमोरच्या खड्ड्यात बर्फ पडतं, ते आता पांढरं असतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आमची निगा राखा, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझं मागणं वेगळं आहे. मला रंग देऊ नका, माझे फाळ शोधू नका. तुमच्याकडे रान असो, परसातला एखादा वाफा असो, नाहीतर गच्चीवरची कुंडी असो, तिथली माती उघडी टाकू नका. पानं जाळू नका, तिच्यावर पांघरा. तेल लावून माझी निगा राखली जायची, तशी आता तिची राखा. मला गंजू द्या. मी जितका गंजेन, तितकी ती टेकडी काळी होत जाईल.