गोवळकोंड्यातली रामदासांची कोठडी

सकाळी काचीगुडा स्टेशनात नांदेडकडची गाडी लागली की आमचं गिऱ्हाईक उतरतं. कानटोप्या, दशम्यांच्या पिशव्या, आणि आता नवीन म्हणजे ज्याच्या त्याच्या हातात बाटलीबंद पाणी. बसमध्ये बूड टेकतं न टेकतं तोच पहिला प्रश्न येतो, "बाई, मोत्याचं दुकान कधी हाय?" अरे, चारशे वर्षांचं शहर खिडकीबाहेर उभं आहे, ते बघा की आधी! पण नाही. ह्यांना वाटतं मोती आमच्या मुसी नदीत सापडतात. मी सांगते की समुद्र इथून शेकडो मैल लांब आहे, तर म्हणतात, असू द्या, पण स्वस्त मिळतात ना?

मी मंगला. इतिहासात एम.ए. केलं आणि सोळा वर्षं इथल्या एका मराठी शाळेत शिकवलं. मग शाळेला मुलंच मिळेनात. बरकतपुऱ्यातल्या झाडून सगळ्या मराठी घरांनी पोरं इंग्रजी शाळांत घातली. तीच पोरं आता दुकानाची मराठी पाटी अक्षर अक्षर लावत वाचतात, आणि आईबाप कौतुकानं हसतात. हसण्यासारखं काय आहे त्यात, मला कळलेलं नाही. शाळा बंद झाली, पुढच्या वर्षी नवऱ्याचा कारखानाही बंद झाला. तो घरी केबलवर क्रिकेट बघत बसतो आणि मी हिम्मतरावाच्या बसवर गाइड आहे. चार वर्षं झाली, अजून रोजावर.

हिम्मतराव म्हणजे एक नमुना. आधी खताची एजन्सी होती. बँका कर्ज वाटत सुटल्या तशी ह्यानं व्हिडिओ कोच काढली, आबिड्सला काचेच्या दाराचं ऑफिस थाटलं, सफारी शिवून घेतला आणि झाला प्रवास कंपनीचा मालक. कुतुबशाही कुठली आणि निजाम कुठला, ह्याला पत्ता नाही. एकदा सांगायला गेले तर म्हणाला, "जाऊ द्या ना बाई, सगळे एकाच खानदानातले." मी कपाळावर हात मारून घेतला.

आता मुद्द्याचं सांगते. गोवळकोंड्याच्या किल्ल्यात, वर चढताना, एक अंधारी कोठडी लागते. तिला रामदासांची कोठडी म्हणतात. हे रामदास म्हणजे कंचर्ला गोपन्ना, भद्राचलमकडचा तेलुगू तहसीलदार. सरकारी वसुलीच्या पैशातून त्यानं रामाचं देऊळ बांधलं म्हणून कुतुबशहानं त्याला बारा वर्षं इथं कोंडलं, अशी गोष्ट आहे. आत भिंतीवर राम, सीता, मारुती कोरलेले आहेत. त्याचं नाव घेतलं की तेलुगू बायका अजून डोळ्याला पदर लावतात.

आणि आमचे मराठी लोक? पाटीवर रामदास वाचलं, भिंतीवर मारुती बघितला, की संपलं. धाडकन लोटांगण! सज्जनगडचे समर्थच हे, दुसरे कोण असणार? समर्थांना इथं कुणी कोंडलं, कधी कोंडलं, कशासाठी कोंडलं, हा प्रश्न चार वर्षांत एकाच्याही डोक्यात आला नाही. कुणी तरी छातीठोकपणे सांगतो, "निजामानं कोंडलं होतं." निजामाचं राज्य तरी आलं होतं का तेव्हा? पण सांगणारा सांगतो, ऐकणारे हळहळतात, आणि मारुतीपुढं नारळ फुटतो.

अशा वेळी मी दाराशी गप्प उभी राहायची. सुरुवातीला दोनदा खरं सांगून पाहिलं होतं. दोन्ही वेळा लोकांचे चेहरे असे पडले की जणू मी त्यांच्या घरची मूर्ती फोडली. हिम्मतरावाकडं तक्रार गेली. तेव्हापासून ठरवलं, सांगायचं नाही, पण खोटंही बोलायचं नाही. त्यांना मूर्ख राहायचं असेल तर राहू देत, माझ्या तोंडून मात्र 'हे समर्थ' हे वाक्य निघणार नाही. सोळा वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईकडं शिल्लक राहिलेली एवढीच काय ती चीज होती, आणि मला तिचा फार गर्व होता.

गेल्या डिसेंबरात हिम्मतरावानं मला ऑफिसात बोलावलं. नांदेडचं एक मोठं महिला मंडळ येणार होतं, बरोबर नवरे आणि सासरेही. अध्यक्षा कुसुमताई. त्यांना सहल आवडली तर आसपासच्या तालुक्यांतली सगळी मंडळं वर्षभर आमच्याच गाडीनं येणार.

"मंगलाबाई, हे जमलं तर तुम्ही कायम. महिन्याचा पगार, दिवाळीला बोनस," तो म्हणाला. "पण एक. समर्थांच्या कोठडीत तुम्ही मुक्या होता म्हणे. ते नक्को. तिथंच तर लोक रडतात. चांगलं भरून बोलायचं."

"ते समर्थ नाहीत, हिम्मतराव."

"लोक म्हणतात ना? बस्स. नाही तर सांगा, ती शिल्पा दोनदा येऊन गेली. टुरिझमचा डिप्लोमा केलाय तिनं. ती बोलेल."

ही शिल्पा हुसेनसागर तळ्यातल्या बुद्धाच्या पुतळ्याला 'फोटो पॉइंट' म्हणते. मी दात-ओठ खाल्ले आणि घरी आले. नवरा म्हणाला, "कायम म्हणालाय ना? मग बोल की. तुझ्या त्या तहसीलदाराला काय फरक पडतोय?" मी पोळ्या लाटायला बसले. ठरवलं की काही तरी जुळवून घेऊ, पायऱ्यांवर वेळ काढू, कोठडीपाशी घाई करू. नोकरीही मिळवायची आणि ते वाक्यही टाळायचं.

तो दिवस उजाडला. कुसुमताई म्हणजे ठसठशीत कुंकू, जरीची साडी, आणि प्रत्येक गोष्टीवर मत. चारमिनार बघून म्हणाल्या, "आमच्या नांदेडचा गुरुद्वारा मोठा हाय." किल्ल्याच्या दरवाजात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इथली टाळी वरच्या महालात ऐकू जाते, एवढं एकच ज्ञान लोक घरून घेऊन येतात. चाळीस माणसं लहान पोरांसारखी टाळ्या पिटत होती, आणि वर ऐकायला कुणीच गेलेलं नव्हतं. हिम्मतराव स्वतः बरोबर आला होता. सफारीत घाम पुसत तोही टाळ्या पिटत होता.

त्या घोळक्यात एक म्हातारे गृहस्थ होते, कुसुमताईंचे दीर, नामदेवराव. पांढरं धोतर, वर काळा कोट, हातात काठी. टाळी त्यांनी वाजवली नाही. मोत्याचं विचारलं नाही. पायऱ्या चढताना दम लागला तरी थांबले नाहीत, फक्त दोनदा विचारलं, "कोठडी अजून किती वर हाय, बाई?" मी मनात म्हटलं, घ्या, हा सगळ्यात मोठा भगत. आता हा लोटांगण घालणार आणि ह्याला उठवायला दोन माणसं लागणार.

कोठडीपाशी पोचलो. जुळवाजुळव करायला काही वेळच मिळाला नाही. कुसुमताई आधीच आत शिरून मारुतीला हळद-कुंकू लावत होत्या. बायकांनी रामनामाचा गजर धरला. मी म्हणाले, "चला, वर अजून दरबार बघायचाय, ऊन होईल." कुणी हललं नाही. गजर थांबला तेव्हा नामदेवराव काठी टेकत माझ्यासमोर आले.

"बाई," ते म्हणाले, "हे रामदास कोणते, ते जरा सगळ्यांना सांगा की."

"हे काय विचारणं झालं, भाऊजी?" कुसुमताई कडाडल्या. "आपले समर्थ! दुसरे कोण?"

"मी बाईंना विचारतोय."

चाळीस तोंडं माझ्याकडं वळली. हिम्मतराव दाराशी उभा होता. त्यानं डोळे वटारले नाहीत, काही खुणावलं नाही, फक्त रुमालानं मान पुसत माझ्याकडं बघत राहिला. माझ्या डोळ्यापुढं केबलसमोर बसलेला नवरा आला. आणि ह्या म्हाताऱ्याचा मला असा संताप आला म्हणून सांगू! चार वर्षं मी ह्या लोकांची अब्रू गप्प राहून सांभाळली, आणि ह्याला आज सगळ्यांसमोर माझ्याकडून वदवून घ्यायचंय? घे मग.

"समर्थच," मी म्हणाले. "समर्थ रामदास स्वामी."

एकदा सुटले ती थांबलेच नाही. म्हटलं, हा मारुती स्वामींनी स्वतःच्या हातानं कोरला. छताच्या भोकातून भाकरी खाली सोडायचे, ती स्वामी उंदरांना घालायचे आणि स्वतः रामनामावर राहायचे. हे उंदीर मी तिथल्या तिथं पैदा केले. बायका हुंदके देऊन रडायला लागल्या. कुसुमताईंनी माझ्या पायाला हात लावून नमस्कार केला. खरं सांगते, वर्गात चाळीस मुलांपुढं बोलायचे तेव्हासुद्धा इतकी रंगले नव्हते. वाईट म्हणजे मला मजा येत होती.

सगळे डोळे पुसत वर गेले. नामदेवराव तिथंच दगडावर बसले होते. मला त्यांना मागं सोडून जाता येईना.

"चला, आजोबा."

"मी तहसील कचेरीत अव्वल कारकून होतो, बाई," ते म्हणाले. "बहात्तरच्या दुष्काळात वरून ऑर्डर यायच्या आधी मी धान्याचं गोदाम उघडलं. लोक मरायला टेकले होते. तीन वर्षं निलंबित होतो. आमचे साहेब तेलुगू होते, त्यांनी तेव्हा मला ह्या गोपन्नाची गोष्ट सांगितली. म्हणाले, नामदेव, आपल्या खात्यात एकच संत होऊन गेला, त्याला विसरू नको."

मी त्यांच्या शेजारी दगडावर टेकले.

"तवापासून यायचं होतं. आज आलो, तर आमची ही मंडळी दुसऱ्याच्याच नावानं रडतायत. मी सांगितलं तर ऐकणार नाहीत, घरचा म्हातारा. तुम्ही शिकलेल्या दिसल्या. म्हटलं, बाईंना ठाऊक असणार, बाई सांगतील."

"मला ठाऊक आहे, आजोबा." माझा आवाज मलाच ऐकू येईना. "पण माझी नोकरी आहे हो."

"हौ, कळतं ना," ते म्हणाले. रागानं नाही, अगदी समजुतीनं. "नोकरी मलाही होती."

ते उठले, भिंतीपाशी गेले, कुंकवानं माखलेल्या मारुतीला सोडून शेजारच्या कोऱ्या दगडावर हात ठेवून क्षणभर उभे राहिले आणि काठी टेकत पायऱ्या उतरायला लागले. वर आलेच नाहीत. मला त्या घडीला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. चार वर्षं मी ज्यांना अडाणी म्हणून मनातल्या मनात हिणवलं, त्यांच्यातला एक ह्या वयात एवढ्या पायऱ्या चढून आला होता आणि त्यानं माझ्यावर भरवसा ठेवला होता.

संध्याकाळी गाडी लागायच्या आधी हिम्मतरावानं अभिप्रायाची वही फिरवली. कुसुमताईंनी पानभर लिहिलं, साक्षात समर्थ भेटल्याचं. बाकीच्यांनी सह्या ठोकल्या. नामदेवरावांनी वही मांडीवर घेतली, चष्मा लावला, कारकुनी वळणात सावकाश दोन ओळी लिहिल्या आणि माझ्याकडं न बघता डब्यात चढले.

गाडी गेल्यावर हिम्मतरावानं वही उघडली. "मंगलाबाई, तुम्ही आजपासून कायम!" तो प्लॅटफॉर्मवरच ओरडला. "आणि त्या म्हाताऱ्यानंसुद्धा बघा काय मस्त लिहिलंय. मला वाटलं कटकट करतो की काय." आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं ते वाचून दाखवलं:

"बाईंचा आवाज खणखणीत आहे. कोठडीत त्यांनी सांगितलेलं शेवटच्या माणसापर्यंत नीट ऐकू गेलं."