डावीकडचा बोया

“दार लागलं,” असं म्हणून ताईनं होडीवर घालायच्या रबरी सुटाच्या बाहीत दंड घाईघाईनं कोंबला. मी पाहायचं ते पाहून घेतलं होतं. दंडावर ताजे निळे डाग होते, त्यांच्याखाली जुने, पिवळे पडलेले. आणि सगळे डाव्या दंडावर. तिच्या घरातल्या दारांना चौकटी दोन्ही बाजूंना आहेत.

मी हाडांच्या दवाखान्यात परिचारिका आहे. डोळ्यांतलं मला फारसं कळत नाही, पण शिडाच्या होड्यांच्या शर्यतींच्या हंगामभर जे दिसत होतं ते कळायला परिचारिका असण्याचीही गरज नव्हती. टेबलाच्या डाव्या कडेला ठेवलेला चहा तिच्या हातून हमखास सांडायचा. डावीकडून सायकल आली की ती दचकायची आणि वर सायकलवाल्यालाच झापायची. डोळे दाखवून घे म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर असायचं, स्पर्धा होऊ दे. ही तिची शेवटची स्पर्धा, हे तिनं स्वतःच जाहीर केलं होतं. जिंकून जायचं, एवढंच तिला हवं होतं. मला तिच्यापेक्षाही जास्त हवं होतं.

आमचे बाबा जलाशयावरच्या क्लबात होड्यांना रंग द्यायचे. लहानपणी एकदा कुठल्याशा सभासदाच्या मुलाचा जोडीदार आजारी पडला, म्हणून ताईला डिंगीत बसवलं. डिंगी म्हणजे शिडाची छोटी, दोघांची होडी. एक जण सुकाणू धरतो, दुसरा शरीराचं वजन बाहेर टाकून होडी तोलतो. ताईला घेतलं ते निव्वळ वजन म्हणून. परत येताना सुकाणू तिच्या हातात होतं आणि तो मुलगा रडत होता. पुढे मी मोठी झाले तशी तिनं मला वजन म्हणून घेतलं, आणि मी आयुष्यभर तेच राहिले. तक्रार नाही. डोलकाठीच्या तारेला लटकून, पाठ पाण्याला जवळजवळ टेकवून, तिचं काम मी जितक्या जवळून पाहिलं तितकं कुणी पाहिलं नसेल.

बाकी तिचं आयुष्य साधंच. पडद्यांच्या दुकानात शिवणकाम. वर्षाची सगळी रजा शर्यतींत जायची. दुकानाच्या मालकानं तिचा चषक घेतलेला फोटो कापडाच्या नमुन्यांमध्ये लावला होता आणि गिऱ्हाइकांना तो पडद्याआधी फोटो दाखवायचा. आमच्या भावजींना पोहता येत नाही. ते किनाऱ्यावरून हात हलवायचे आणि शर्यत सुरू झाली की बघवत नाही म्हणून घरी जाऊन स्वयंपाकाला लागायचे.

त्या हंगामात मी पाण्यावर सतत बोलत होते. डावीकडून होडी येतेय, डावीकडे बोया, आणखी जवळ आला. बोया म्हणजे वळणाची खूण म्हणून पाण्यावर तरंगणारा मोठा केशरी फुगा. ताई वैतागायची. शेवटच्या शर्यतीच्या सकाळी सुटाची चेन ओढून झाल्यावर तिनं मला समोर बसवलं.

“धाकटे, आज तोंड बंद ठेव. तुझ्या बडबडीत मला वारा ऐकू येत नाही.”

मी बरं म्हटलं. तिची शेवटची शर्यत होती; तिला हवी तशी तिला करू द्यावी असं मला वाटलं.

हिशेब सरळ होता. आधीच्या शर्यती धरून आमचे आणि जुळ्यांचे गुण सारखे होते. जुळे म्हणजे दोघे भाऊ, कुणालाही वेगळे ओळखू न येणारे, आणि गेली काही वर्षं आमच्या मानगुटीवर बसलेले. या शर्यतीत जो पुढे, त्याचा चषक.

ताई सुरुवातीपासून पुढे होती. वारा भरलेला, होडी गात होती, मी तारेला लटकून गप्प होते. वाऱ्याच्या दिशेचा बोया जवळ आला. त्याला डावीकडे ठेवून वळायचं होतं. ताई फार जवळून चालली आहे हे मला दिसत होतं. ती नेहमीच जवळून जायची, कागदाइतकी फट ठेवून. त्यासाठीच तिचं नाव होतं. तिनं होडी वळवली, शीड बाहेर सोडलं आणि शिडाखालच्या आडव्या काठीचं टोक बोयाला घासून गेलं. बोया हलकेच डुलला. आवाज असा झालाच नाही.

आमच्या खेळाची एक रीत आहे, ती बाहेरच्यांना खरी वाटत नाही. पाण्यावर आमच्यामागे पंच फिरत नाही. बोयाला लागलं तर ज्याचं त्यानं ओळखायचं आणि लगेच, स्वतःहून, होडी गर्रकन एक पूर्ण फेरी फिरवायची. ती शिक्षा. मग पुढे जायचं.

ताई फिरली नाही. ती समोर बघून चालली होती, चेहऱ्यावर नुसता आनंद. मी मागे पाहिलं. जुळे आपल्या शिडाआड होते, शर्यत चालवणाऱ्यांची बोट लांब. कुणाला काही दिसलं नव्हतं. ताईलाही नाही. बोलले तर चषक जाणार होता, ते एक वेळ सोसलं असतं. पण डोळ्यांचं तिला तिथेच, भर पाण्यात कळणार होतं आणि ते मी सांगितलेलं असणार होतं. मला तिची दया आली आणि त्या दयेची लाज वाटली. तिच्यावर कुणी दया करावी अशी ती बाई नव्हती.

“ताई, लागला,” मी म्हणाले.

तिनं खरंच का, असं विचारलं नाही. कुणी पाहिलं का, असंही नाही. तिनं सुकाणू दाबलं आणि होडी जागच्या जागी फिरवली. इतकी सुरेख फेरी मी तिच्याही हातून कधी पाहिली नव्हती. आम्ही सरळ होईपर्यंत जुळे शेजारून निघून गेले.

“कुठल्या बाजूला लागला?” तिनं विचारलं.

“डावीकडे. काठीचं टोक.”

मग तिनं मान सरळ ठेवून डावा हात बाजूला धरला आणि हळूहळू पुढे आणत नेला. हात जवळजवळ नाकासमोर आल्यावर ती थांबली.

“तुला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“मग आता सांगत जा. सगळं सांग. त्यांना गाठायचंय.”

मी घसा बसेपर्यंत सांगत राहिले. आम्ही त्यांना गाठता गाठता राहिलो. शेवटच्या टप्प्यात होडीचं नाक त्यांच्या होडीच्या मागच्या टोकाशी पोचलं होतं, पण तेवढंच.

किनाऱ्यावर शिट्टीमास्तर भेटला. क्लबच्या सगळ्या शर्यती शिट्टी फुंकून तोच सोडतो, म्हणून त्याचं हे नाव. तो चक्रावला होता. तुम्ही फिरलात कशाला, आम्हाला तर काही दिसलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ताई त्याला एवढंच म्हणाली, “मलाही नाही दिसलं.” तो ती थट्टा समजून हसला.

संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये बक्षिसं झाली. ताईनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. मंचावरून खाली उतरून जुळ्यांतला एक जण थेट तिच्याकडे आला, पण डाव्या बाजूनं. त्यानं हात पुढे केला. ताई समोर बघत राहिली. हात तसाच राहिला. आजूबाजूच्यांनी ते पाहिलं, आणि पोराचा चेहरा उतरला. ताई हरल्याचा राग धरून बसली असं त्याला वाटलं असणार. मी तिच्या कोपराला हात लावला.

ती वळली, तिला हात दिसला. ती सावरून घेईल, काहीतरी थाप मारेल, असं मला वाटलं. मी तर थाप तयारही ठेवली होती.

“रागावले नाही रे,” ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “या बाजूचं मला दिसत नाही. समोर ये.”

पोरगा तिच्यापुढे येऊन उभा राहिला. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि शेवटच्या टप्प्यात त्यानं शीड उगाच किती आवळलं होतं ते त्याला नीट समजावून सांगितलं.

त्यानंतर भेटायला येणारा प्रत्येक जण वळसा घालून तिच्या समोर येऊ लागला. शिट्टीमास्तर सगळ्यांत शेवटी उठला. तो आमच्या डावीकडेच, हातभर अंतरावर बसला होता. दुखरे गुडघे धरत, खुर्च्यांच्या रांगेला वळसा घालून तो आला, आणि ताईच्या पुढ्यात उभा राहून त्यानं हात पुढे केला.