दहा वजा

मित्रांनो, जवळ या, पण मला ओढू नका. मी मैदानावरची मोजायची जुनी टेप आहे आणि स्वभावाने पक्की संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते.

जन्मतः मी अशी नव्हते. कारखान्यात माझ्या पिवळ्या अंगावर तीस मीटरच्या रेघा उमटल्या, तेव्हा वाटलं, जग सरळच असणार. मैदानावर आले आणि डोळे उघडले. कोणी मला ढिली धरी, कोणी तिरकी! आधी सगळे मला पुसून ठेवत, पुढे वाळूसकट गुंडाळू लागले. एकदा रोलरखाली सापडून माझे पहिले दहा सेंटिमीटर तुटलेच. तेव्हापासून मला दहाच्या खुणेवर धरायचं आणि आलेल्या आकड्यातून दहा वजा करायचे, अशी पद्धत पडली.

लांब उडी शिकवणारा काका आणि त्याची सख्खी पुतणी, या जोडीवर तर माझा बारीक डोळा होता. काटकुळ्या पायांची म्हणून तिला सगळे टिटवी म्हणत. संघात जायला साडेचार मीटर हवे होते. दोन वर्षं ती त्यासाठी रोज सकाळी वाळूत पडत होती. निवडीच्या दिवशी आकडा वाचायला कोण? काकाच! त्यात शेवटच्या उडीआधी टिटवी त्याच्या कानाशी कुजबुजली. माझ्या मनात पाल चुकचुकली.

ती धावली, उडाली, वाळूत आपटली. मला ताणलं गेलं.

"चार छप्पन्न!" काका ओरडला. टाळ्या पडल्या. लिहिणाऱ्या बाईंनी पेन उचललं.

बाकी सगळ्यांचे दहा वजा केले आणि हिचे नाहीत! बघा, सांगत नव्हते मी?

टिटवी गुडघे झटकत आली. "काका, दहा वजा केलेस?"

काकाचा चेहरा उतरला. "अगं... राहिलंच."

"तरी मघाशी कानात सांगितलं होतं, आनंदात विसरशील म्हणून. बाई, चार सेहेचाळीस लिहा."

चार सेंटिमीटरने तिची निवड हुकली. सगळे गेल्यावर ती साहित्याच्या खोलीत हमसून हमसून रडली. रडता रडताच माझी वाळू पुसत होती. काका दारात नुसता उभा होता. तो खरंच विसरला होता का? मला अजून शंका आहे. तिच्याबद्दल मात्र नाही.

मित्रांनो, माझी लाज मलाच वाटली. सगळ्या जगाला मी खोटं ठरवत होते आणि दहा सेंटिमीटरने खोटी तर मीच होते! म्हणून एवढंच मागते. आम्हाला पुसून ठेवा, आमचं तुटलेलं लपवू नका, आणि आकडा तुमच्या बाजूचा आला तर दुसऱ्यांदा मोजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवीने माझ्या डबीवर लाल रंगाने 'दहा वजा' असं लिहिलं. मग मला काकाच्या हातात देऊन म्हणाली, "चल, चारच राहिलेत."