चंद्रीचा पान्हा

तेराव्याचं जेवण उरकलं आन धोंडुबाईनं भावाला न इचारता वहिनीची लुगडी वाटून टाकली.

वहिनी म्हंजी बनाबाई. दोन दिसाचा ताप काय आला, वडूजच्या दवाखान्याच्या वाटंवर गाडीतच तिनं डोळं मिटलं. बायका आल्या, रडल्या, आन जाताना म्हणल्या, "सोनं झालं बाईचं. अहेव गेली." नवऱ्याच्या आदी मेली म्हणून सोनं. तो नवरा, अर्जुना, भितीला टेकून ऐकत हुता. त्याच्या मनात आलं, एकेकीच्या दादल्याला गाठून इचारावं, तुझ्या बी घरात असलं सोनं पायजे का म्हणून.

लुगडी तीन हुती. लढाई संपली तरी कापडाचं कंट्रोल संपलं न्हवतं, त्यामुळं जुनेरावर बी बायका टपून. अहेव बाईचं लुगडं सवाष्णीच्या अंगावर गेलं की पुण्य, असं म्हणत धोंडुबाईनं वाटली. अर्जुना रानात हुता. बाजरीची कणसं खळ्यावर पडल्याली, पाखरं तुटून पडल्याली. घरला आला तर दोरीवर काय न्हाई.

त्या परीस वाईट ते चंद्रीचं. चंद्री ही म्हस. बनाबाईनं रेडकू असताना माहेरासनं आणल्याली. बनाबाई कासंखाली बसली की भांडं भरून द्यायची, दुसऱ्याचा हात लागला की लाथ. पंधरा दिस झालं, रेडकू पितं तेवढंच. बाकीचं दूध वर ओढून धरायची. आता एक सड घट्ट व्हायला लागलं हुतं. कास दगडी झाली म्हंजी म्हस गेलीच.

धोंडुबाईनं हात लावला, तिला लाथ. अर्जुनानं लावला, त्याला दोन.

"घरात बाई न्हाई, म्हणून जनावर पान्हा चोरतंय," धोंडुबाई गुडघा चोळत म्हणली. "मी मंगळवारी माझ्या घरला चालली. तवर पिळलीस तर ठीव. न्हाईतर चंद्री मी सोडून न्हेती. माझी सून तिला बरुबर सरळ करंल. आन तू बाई आण. तडवळ्याची एक पोर हाय माझ्या नजरंत."

"आक्का, तिची राख गार हू द्या की."

"राख गार हुईस्तवर तुझी भाकरी कोण थापणार? हात बघ की आरशात."

हात आरशात कोण बघतं. पर बोटं भाजल्याली हुती खरी. अर्जुना उठून भायेर गेला. घरात थांबला असता तर थोरल्या भणीवर हात उचलला असता, आन ते तरी त्याच्या हातनं व्हायला नगं हुतं.

मंगळवार उद्यावर आला. कुणीतरी खळ्यावर सांगितलं, बाईमाणूस माहेरी गेलं की गडी तिचं लुगडं गुंडाळून धार काढतो, जनावराला वास कळतो, रंग कळतो. अर्जुनाला पटलं. पर लुगडं कुठं? धारंला बसायची ते हिरवं, शेणानं-दुधानं माखल्यालं, ते कुणाला दिलं?

"हरणाबाईला," धोंडुबाई म्हणली.

अर्जुनाचं डोस्कंच फिरलं. हरणाबाई भितीपल्याडची, भावकीतली वहिनी. गवऱ्या कुणाच्या भितीला थापायच्या ह्यावरनं भांडाण झाल्यालं, आन सात वरसं बनाबाई तिच्याशी बोलली न्हवती. मेली तवा बी तोंडात पाणी घालायला हरणाबाई न्हवती. आन लुगडं तिच्या अंगावर.

तो तसाच तिच्या दारात गेला. हरणाबाई सूप घिऊन बसल्याली, अंगावर तेच हिरवं.

"वैनी, लुगडं द्या."

"आता?"

"आता."

"भावजी, अंगावरचं सोडून दिऊ का? जरा तरी लाज ठिवा. लोकं म्हणतील, बायकू मेली आन गडी भावकीत लुगडी सोडवत फिरतोय."

"तुमाला त्ये नेसायचा अधिकार न्हाई. ती तुमचं त्वांड बघत न्हवती."

हरणाबाईनं सूप खाली ठिवलं. "मी मागाय आली न्हवती. तुमच्या भणीनं गळ्यात घातलं. घरात धड एक हाय माझ्याकडं, म्हणून घेतलं. जावा घरला. धाडती."

घटकाभरानं भितीवरनं लुगडं आलं. आलं म्हंजी धपकन अंगावर पडलं. अर्जुनानं नाकाला लावलं. राखंचा वास. दसऱ्याच्या धुण्यात राखंच्या पाण्यात उकळून काढल्यालं. बनाबाई त्यात कुठंच न्हवती.

तरी तो नेसला. सदऱ्यावरनं गुंडाळलं, पटका काढून पदर डोक्यावर घेतला. धोंडुबाई उंबऱ्यात तोंडाला पदर लावून हासत हुती. चंद्रीच्या म्होरं सरकी ठिवली, रेडकू लावून वडलं, खाली बसून सडाला हात घातला.

चंद्रीनं मान वळवून बघितलं. मग लाथ घातली. चरवी गोठ्याच्या त्या टोकाला गेली आन अर्जुना लुगड्यासकट शेणात.

तो उठला तो काठी घिऊनच उठला.

"मारू नगा," भितीपल्याडनं हरणाबाईचा आवाज आला. "लुगड्यानं काय हुतंय? ती शिव्या द्यायची."

"कोण?"

"बनाबाई. शिव्या दिल्याबिगर त्या म्हशीनं कवा पान्हा सोडला न्हाई."

"म्हशीला?"

"तुमाला."

अर्जुनाच्या हातातली काठी तशीच ऱ्हायली. धारंच्या येळंला तो कदी घरात नसायचाच. पहाटं रानात, सांजंला पारावर.

"काय म्हणायची?"

हरणाबाई भितीपल्याडनंच आरती म्हणावी तशी म्हणाय लागली. "मुडदा बशिवला त्या अर्जुन्याचा. माझ्या भाकरी संपल्या की ह्याला पाव्हणं आठवत्यात. पटका बांधून पारावर बसतंय, जशी सातारची गादी ह्याच्या बापाची. मढं कष्टाचं न्हाई, कवतिकाचं न्हाई, नुसतं गिळायचं."

"रोज?"

"दोन टायम. माझ्याशी बोलत न्हवती, पर ऐकायला कुणाची बंदी?"

"माझ्या म्होरं कवा बोलली न्हाई."

"तुमच्या म्होरं बोलून धार निघती व्हय?"

अर्जुनाला वाटलं, भितच पाडावी. सात वरसं. बनाबाई गप मान घालून वाढत हुती, आन सगळं म्हशीला ठावं, शेजारणीला ठावं. त्यानं चरवी उचलली, पुसली, खाली बसला.

"मुडदा बशिवला अर्जुन्याचा," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. ती ठसक्यात म्हणायची."

"मुडदा बशिवला अर्जुन्याचा! भाकरी संपल्या की पाव्हणं आठवत्यात!"

चंद्रीचा कान हालला. कास जरा ढिली पडली. चरवीत पयली चिळकांडी वाजली.

मग त्याला हरणाबाईची गरज ऱ्हायली न्हाई. "सोनं झालं म्हणत्यात, त्यांच्या तोंडात माती. आक्का, तुमी बी. माझ्या घरात माझ्या बायकूची लुगडी वाटताना हात झडला न्हाई तुमचा. तडवळ्याची पोर म्हणं. तिला बी हीच लाथ बसंल." धार लागली. फेस वर आला. तो बोलतच हुता, दोन्ही हात चालल्यालं. "आन तू. सात वरसं म्हशीला सांगितलंस, मला न्हाई. ताप आला ते तरी सांगायचं. अंगात ताप घिऊन बाजरी कापलीस. दोन दिस. इळा पडला हातनं तुझ्या, आन मी काय म्हणलो? मी म्हणलो, हात उचल, ढोंग करू नगस. मी..."

तिथं तो थांबला. हात बी थांबलं.

चंद्रीनं पाय हालवला, कास वर वडली. चरवी अर्धीच हुती.

"थांबू नगा, भावजी," भितीपल्याडनं हरणाबाई म्हणली. "पान्हा चोरंल. अजून सासूचं ऱ्हायलंय. सासूचं झाल्याबिगर ती सगळं सोडत न्हाई."

अर्जुनानं उंबऱ्याकडं बघितलं. धोंडुबाई आता हासत न्हवती. हरणाबाई म्हणती ती सासू म्हंजी तिची बी आयच. तिनं चरवीकडं बघितलं, मग भावाकडं. पदर खोचून आत आली, चंद्रीच्या म्होरं बसून घमेल्यातली सरकी तिच्या तोंडाला लावली आन म्हणली, "काड. मी काय ऐकत न्हाई."

अर्जुनानं सड धरलं आन मेलेल्या म्हातारीपासनं सुरू केलं.