विठाबाईचे कुंकू आणि सूर्याचे वादळ

मी एक जुने यंत्र आहे, मित्रांनो, आणि स्वस्थ बसणे मला कधी जमलेच नाही. अवकाशातून येणारे अदृश्य किरण माझ्या नळ्यांतून गेले की टक वाजते आणि माझा आकडा एकाने पुढे सरकतो. दिवसरात्र हेच.

बंगळूरला यशवंतपूरजवळच्या एका कॉलेजात मला जोडले गेले. रघुपतीसर आमच्या खोलीचे प्रमुख, बंगळूरच्याच जुन्या मराठी घरातले. पुण्याहून आलेली श्यामला रोज सकाळी माझा आकडा वहीत लिहायची. निपाणीकडची विठाबाई झाडलोट करायची. दमट हवा मला बाधू नये म्हणून खिडक्या वेळेवर लावायची तीच. तिची नोकरी कायम नव्हती. सरांनी शिफारस केली तरच पुढचे वर्ष मिळे.

१९९१ची आयुधपूजा आली. त्या दिवशी इथे रिक्षापासून लेथपर्यंत सगळ्यांना कुंकू लागते. विठाबाईने माझ्या पत्र्यावर कुंकवाचे बोट टेकवले, वर झेंडूचे फूल ठेवले. मला फार बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

आठवड्याभराने एका सकाळी माझा आकडा घसरला. शंभरामागे पाच-सहा किरण कमी. सूर्यावर मोठे वादळ उठले होते. त्यातून उसळलेला तप्त वायूचा ढग आपले चुंबकीय बळ घेऊन पृथ्वीपाशी आला आणि दुरून येणारे किरण त्याने अडवले. म्हणजे मी ठणठणीत होते, पाहुणेच कमी आले होते. पण सांगणार कसे? मला टक एवढेच बोलता येते. जीव नुसता कासावीस झाला.

वादळाची बातमी सरांच्याही कानावर आली होती. वादळात किरण वाढायला हवेत, असे ते धरून चालले. त्यात पत्र्यावरचे कुंकू दिसले आणि त्यांचा पारा चढला.

“स्वल्प तरी विचार करायचा होता, अक्का. आत कुंकू गेलं. पुढच्या वर्षी तुमचं नाव मी देणार नाही.”

“सर, वरनं बोट टेकवलं फक्त. आत हात घातला न्हाई,” विठाबाई म्हणाली.

सरांनी कळ फिरवून माझा विजेचा दाब वाढवला. आकडा वर चढला. सर खूश झाले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तो आकडा खोटा होता.

श्यामलाला चैन पडेना. तिने एसटीडी बूथवरून असेच किरण मोजणाऱ्या दूरच्या एका केंद्राला फोन लावला. तिथलाही आकडा त्याच सकाळी पडला होता. तिने ते सरांना सांगितले. मग त्यांनी दाब पूर्वीइतका केला आणि वहीत लिहिले, ‘दोष यंत्राचा नाही, माझा.’ विठाबाईची शिफारसही त्यांनी त्याच दिवशी पाठवली.

दहा-बारा दिवसांत किरण पहिल्यासारखे येऊ लागले. दाब मधेच बदलल्यामुळे त्या वादळाची माझी नोंद मात्र तुटली, ती तुटलीच.

पुढच्या आयुधपूजेला सरांनी स्वतः कुंकवाची कोयरी विठाबाईपुढे धरली आणि म्हणाले, “माझं चुकलं, अक्का. लावा.”

“नको सर. तुमीच लावा,” ती म्हणाली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

आता माझ्या नळ्या बंद आहेत, मी कोपऱ्यात धूळ खात पडले आहे. मित्रांनो, आकडा मनासारखा आला नाही तर जरा थांबा. कुणाला बोल लावण्याआधी चार ठिकाणी विचारून पाहा. त्या आयुधपूजेनंतरही विठाबाईने कितीतरी वर्षे माझी खोली झाडली, खिडक्याही वेळेवर लावल्या. तिचे बोट मला पुन्हा कधी लागले नाही.